ऐकण्याचा धंदा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या शिक्षकदालनाच्या दाराशीं पालकांची वर्दळ सुरू होते, आणि एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला जातो: मुलास कोणत्या वाटेस लावावें? डॉक्टर, इंजिनियर, वकील हीं उत्तरें जुनीं झालीं. अलीकडे कांहीं मुलें "आम्हांस मानसोपचार शिकून पुढें स्वतःचा दवाखाना काढावयाचा आहे" असें सांगूं लागलीं आहेत, आणि तें ऐकून वडील मंडळी गोंधळून जातात. एका वडिलांनीं तर स्पष्टच विचारलें, "मास्तर, नाडी पाहावयाची नाहीं, सुई टोचावयाची नाहीं, बाटलीभर औषध द्यावयाचें नाहीं, मग लोक पैसे देणार ते कशाचे?"

प्रश्न रास्त आहे. ज्या गृहस्थापासून या धंद्याची आजची रीत पडली, त्यासहि या प्रश्नाचें उत्तर दवाखाना उघडून कांहीं वर्षें लोटल्यावरच सांपडलें.

व्हिएन्ना शहराचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांस दवाखाना मुळीं काढावयाचाच नव्हता. १८७३ सालीं ते तेथील विद्यापीठांत दाखल झाले व १८८१ सालीं पदवी घेऊन बाहेर पडले. एवढा काळ लागला याचें कारण ते प्रयोगशाळेंत रमले. सुमारें ४०० ईल मासे त्यांनीं चिरून पाहिले. नंतर प्रोफेसर ब्रुके यांच्या हाताखालीं ६ वर्षें सूक्ष्मदर्शकास डोळा लावून मज्जातंतु तपासले. १८८२ सालीं त्यांचा वाङ्निश्चय झाला आणि खिसा तर रिकामा! ब्रुके यांनींच त्यांस बजाविलें कीं, घरची स्थिति पाहतां शुद्ध शास्त्राचा नाद तुम्हांस परवडणार नाहीं. तेव्हां मोठ्या नाखुषीनें ते सार्वजनिक रुग्णालयांत गेले व तेथें तीन वर्षें एका विभागांतून दुसऱ्या विभागांत उमेदवारी करीत राहिले. त्यांतील पांच महिने वेड्यांच्या विभागांत, डॉ. माय्‌नर्ट यांच्याकडे. १८८५ सालीं प्रवासवृत्ति मिळवून ते पॅरिस येथें डॉ. शार्को यांचें काम पाहण्यास गेले. परत आल्यावर २५ एप्रिल १८८६ रोजीं त्यांनीं आपली पाटी लावली. तो ईस्टरचा रविवार होता. वय ३० वर्षांस थोडे दिवस कमी, डोक्यावर स्नेह्यांचें कर्ज, आणि लग्न सप्टेंबरांत ठरलेलें.

आतां त्या खोलींत त्यांच्याजवळ देण्यासारखें काय होतें? विजेचें एक यंत्र. मज्जाविकाराच्या रोग्यांस विजेचे सौम्य झटके द्यावेत असें एका नामांकित जर्मन ग्रंथांत लिहिलें होतें, आणि फ्रॉइड तो ग्रंथ प्रमाण मानून चालत होते. लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ग्रंथांतील रोगी बरे होतात, आपले होत नाहींत. मग संमोहन आलें. तेंहि सर्वांस लागू पडेना. अशा वेळीं एक बाई त्यांच्या उपचाराखालीं आल्या. त्यांचें खरें नांव झांकून फ्रॉइड यांनीं त्यांस एमी फॉन एन. म्हटलें आहे. डॉक्टरसाहेब प्रत्येक गोष्टीचें मूळ विचारीत बसले, तेव्हां बाई त्रासून म्हणाल्या कीं, सारखें विचारूं नका, मला जें सांगावयाचें आहे तें सांगूं द्या. फ्रॉइड यांनीं तें मानलें, आणि १८९५ सालच्या ग्रंथांत तें प्रामाणिकपणें लिहूनहि ठेविलें. त्यांचे सारेच सिद्धान्त आजचे शास्त्रज्ञ मान्य करीत नाहींत, आम्हांसहि ते सर्व पटतात असें नाहीं. परंतु एवढा शिकलेला मनुष्य रोग्याच्या सांगण्यावरून गप्प बसला, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पुष्कळ सिद्धान्तांहून मोठी वाटते. शिक्षकांस तर ती विशेषच अवघड आहे. आमचा सारा धंदा बोलण्याचा!

येथें कांहीं वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगतों. आमच्या वसतिगृहांतील सातवीचा एक मुलगा दिवाळीच्या सुटीहून परत आला तो बोलेनासाच झाला. हजेरीच्या वेळीं उभा राही, ओठ हालत, पण शब्द बाहेर पडत नसे. घसा तपासला, कान तपासले, सर्व ठीक. अखेर आम्ही व त्याचे वडील त्यास घेऊन पुण्यास एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलों. दोन खुर्च्या, एक चटई व कॅरमचा पट एवढेंच त्या खोलींतील सामान. पहिल्या खेपेस तासभर कॅरम. दुसऱ्या खेपेस कॅरम. तिसऱ्या खेपेसहि कॅरम. वडील बाहेर बांकावर बसून सोंगट्यांचा आवाज ऐकत व घड्याळाकडे पाहत. एस. टी. चें भाडें, एका दिवसाच्या मजुरीचा खाडा, आणि वर बाईंची फी. "मास्तर, एवढ्यांत घरीं नवा कॅरम आला असता," असें ते आम्हांस म्हणाले, आणि हिशेब खोटा नव्हता.

चौथ्या खेपेस सोंगट्यांचा आवाज मध्येंच थांबला. बराच वेळ कांहींच ऐकूं येईना. मग एक बारीक, घोगरा आवाज सुरू झाला तो अर्धा तास खळला नाहीं. वडील बांकावरून उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. मुलगा आंत काय बोलला तें बाईंनीं आम्हांस सांगितलें नाहीं. आम्हीहि विचारलें नाहीं. मुलाची परवानगी घेऊन त्यांनीं वडिलांस एवढेंच सांगितलें कीं, घरीं त्यास आजीविषयीं बोलूं द्या, गप्प बसवूं नका. परतीच्या गाडींत वडील फीविषयीं अवाक्षर बोलले नाहींत.

फीची गोष्ट निघालीच आहे तर तीहि सांगून टाकावी. फ्रॉइड यांनीं १९१३ सालीं लिहिलें कीं, रोग्यास नेमून दिलेला तास त्याचा. तो न आला तरी त्याचें मोल त्यानें द्यावें. हें वाचून ते लोभी होते असें कोणीं समजूं नये. १९१८ सालीं बुडापेस्ट येथील परिषदेंत त्यांनींच गरिबांस हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत असें प्रतिपादिलें, आणि १९२० सालीं त्यांच्या अनुयायांनीं बर्लिन येथें तसा दवाखाना काढलाहि. डॉक्टर दिवसाकाठीं थोड्याच रोग्यांस असा तास देऊं शकतो. त्यांतच त्याचें पोट व खोलीचें भाडें, ही खरी अडचण आहे आणि ती आजहि संपलेली नाहीं.

म्हणून या वाटेस लागणाऱ्या मुलाच्या घरच्यांनीं आधीं वर्षें मोजावींत. वैद्यकाच्या वाटेनें जावयाचें तर एम. बी. बी. एस. व त्यावर मनोविकारशास्त्राची तीन वर्षें. मानसशास्त्राच्या वाटेनें जावयाचें तर पदवी, पदव्युत्तर परीक्षा, आणि त्यापुढें रुग्णालयांत अनुभवी माणसांच्या देखरेखीखालीं घेतलेलें शिक्षण; १९९२ च्या कायद्यान्वयें चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत नांव लागल्याशिवाय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावतां येत नाहीं. पाटी लागली म्हणजे दुसऱ्या दिवशीं रांग लागते असेंहि नाहीं. बहुतेक शहाणे तरुण रुग्णालयांतील नोकरी न सोडतां, ओळखीच्या डॉक्टरांची खोली आठवड्यांतून दोन संध्याकाळ मागून घेऊन आरंभ करतात. आमच्या मतें हाच मार्ग बरा.

आपल्या देशांत ही विद्या रुजविणारे कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचाहि क्रम असाच सावकाशीचा होता. १९१० सालीं ते डॉक्टर झाले, वैद्यकीचा व्यवसाय चालवीत असतां पुन्हां विद्यार्थी होऊन १९१७ सालीं मानसशास्त्राची पदवी घेतली, १९२१ सालीं त्याच विषयांत डॉक्टरेट मिळविली, आणि १९२२ सालीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. त्या संस्थेचें लुंबिनी पार्क हें रुग्णालय निघावयास १९४० साल उजाडलें. त्यासाठीं जागा दिली त्यांचे वडील बंधु, प्रसिद्ध बंगाली विनोदी लेखक राजशेखर बोस यांनीं. आणि आरंभीं तेथें खाटा होत्या तीन.