पोट पाठीला लागलं होतं तेव्हा

आमच्या लहानपणी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत पोट सुटलेली माणसं फार थोडी होती आणि त्यांचा मान मोठा होता. अंगानं भरलेला जावई आला की सासूला बरं वाटे. सुकलेली लेक माहेरी आली की आईच्या पोटात कालवे. जाडी म्हणजे घरात दाणे असल्याची खूण. ती आजाराची वाट असू शकते, हे कुणाच्या मनातही येत नसे.

आता घोड-कुकडीच्या पाण्यावर ऊस आला, रांजणगावला एमआयडीसी आली, दारोदार मोटारसायकल आली. तेव्हा आम्ही मळ्यात चालत जायचो, आता बांधापर्यंत गाडी जाते. तेव्हा न्याहारीला शिळी भाकरी आणि ठेचा असे, आता चहाबरोबर खारी आणि दुपारी स्टँडवरचा वडापाव असतो. पंचविशीतल्या पोरांचे शर्ट पोटावर ताणलेले दिसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

वाटायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 साली सगळा पुरावा तपासला आणि अंगावरच्या जादा चरबीशी 13 प्रकारच्या कर्करोगांचा संबंध असल्याचं सांगितलं. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यांतला एक. पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यामुळे रक्तात इन्सुलिन चढतं, शरीरात बारीक दाह धुमसत राहतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना वाढत राहण्याचा इशारा मिळतो. प्रत्येक जाड माणसाला हा रोग होत नाही आणि बारीक माणसालाही तो होतो. पण धोका वाढतो, हे आता पक्कं आहे.

मग तेव्हाचे आम्ही निरोगी होतो का? बार्शीला 1987 पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधत, आणि तरीही मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यांना मुंबईच्या मानानं बराच कमी आढळला. म्हणजे भाकरी आणि कष्ट यांत काहीतरी होतं. पण आमच्या गावात ‘पोटाच्या दुखण्यानं गेला’ असं ज्यांच्याबद्दल म्हणत, त्यांना नेमकं काय झालं होतं हे कोण सांगणार? त्यांना कुणी तपासलंच नव्हतं.

आणि आमचं बारीकपण आम्ही निवडलेलं नव्हतं. 72 च्या दुष्काळात आमचे आईबाप खडी फोडत होते आणि आम्ही लाल मिलो ज्वारीच्या भाकरीसाठी, सुकडीसाठी हात पसरत होतो. ती सडपातळ अंगं आठवून हळहळताना त्यांच्यामागची भूक विसरायची, हे मला पटत नाही.

ती भूक संपलीही नाही, ती पुढच्या पिढीच्या अंगात उतरली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानानं राखलेली होती. काट्यावर बारीक, आतून चरबीदार. अशा अंगाला बसायची नोकरी आणि पोटभर साखर मिळाली की पोट आधी सुटतं. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली की धोका धरतात. याच अभ्यासात हेही दिसलं की पालेभाजी, फळं आणि दूध खाणाऱ्या बायांची बाळं अंगानं चांगली होती आणि जास्त कष्ट उपसणाऱ्यांची लहान. आमच्या आया तर नवव्या महिन्यातही हंडे वाहत होत्या.

तरी काही गोष्टींसाठी जीव तुटतो. पहाटेची जात्याची घरघर. काटवटीत मळलेलं बाजरीचं पीठ, दोन तळव्यांत फिरत मोठी होणारी भाकरी, तव्यावर तिच्यावरून फिरणारा पाण्याचा हात, मग चुलीच्या तोंडाशी तिचं टम्म फुगणं. पहिला पापुद्रा धाकट्याला. आजारातून उठलेल्याला हुलग्याचं माडगं. बाजरीतल्या, हुलग्यातल्या चोथ्यावर आतड्यातले जिवाणू जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराचं पोषण करणारं द्रव्य तयार करतात, हे आईला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच की माडग्यानं अंगात ताकद येते.

आज माझी सून कंपनीतून सातला येते. तिनं पहाटे चारला उठून दळावं असं मी म्हणणार नाही. गिरणीत दळलेल्या बाजरीतही तेवढाच चोथा असतो. पण भाकरी थापायला मुलगा आणि नातूही शिकू शकतात, हे आमच्या पिढीनं घरात कधी बोलूनच दाखवलं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही तशीच होती आणि आजही तशीच आहे. शौचाला रक्त पडलं तर माणूस सांगत नाही. तेव्हा घरातल्यांना कळायच्या आत अंग वाळून जाई; आज मूळव्याध समजून महिनोन् महिने चूर्ण घेतलं जातं. खरं तर आतड्यातल्या छोट्या कोंबाचा (पॉलिपचा) कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात आणि दुर्बिणीच्या तपासणीत तो कोंब तिथल्या तिथे काढता येतो. आमच्या आजोबांच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. आता शिरूरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारलं तर तो सांगेल, पण त्यासाठी आधी त्याच्यापाशी रक्ताची गोष्ट काढावी लागेल.