दादाचा रस्ता

बडोद्यात दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घराला दांडिया बाजाराची वाट सांगावी लागत नाही. तेथून रावपुऱ्याचा टॉवर, टॉवरवरून कोठी, पुढे कीर्तिमंदिर, मग विश्वामित्रीचा पूल. पूल ओलांडला की काळा घोडा आणि लगतच कमाटीबाग. धडधाकट माणसाला अर्ध्या-पाऊण तासाचा हा रस्ता. आमच्या थोरल्या बंधूस त्याला सव्वा तास लागे. सुमारे अठ्ठावीस वर्षे, पावसाळ्यातले अगदीच अशक्य दिवस सोडले तर, तो रोज सकाळी या रस्त्याने गेला. राजवाड्यांची आणि विद्यापीठाच्या घुमटाची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्ही येथे हा एकच रस्ता, दादाच्या चालीने, चालणार आहोत.

दादा १९६५ साली जन्मला. त्याच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक होती. जेरोम लेज्यून या फ्रेंच डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण १९५९ मध्येच प्रसिद्ध केले होते. पण पॅरिसहून दांडिया बाजारापर्यंत यायला ज्ञानालाही वेळ लागतो. आमच्या घरी आलेल्या डॉक्टरांनी 'मंगोल' हा त्या काळचा शब्द वापरला. मूल दहा-बारा वर्षांपलीकडे जगायचे नाही, बोलायला उशीर लागेल, सर्दी-पडशाला जपा आणि फार जीव लावू नका, असे त्यांनी आईस सांगितले. आईने शेवटचा सल्ला तेवढा सोडून बाकी सारे पाळले.

'दादा' या हाकेची एक गंमत सांगितली पाहिजे. आम्ही त्याच्याहून चार वर्षांनी धाकटे, म्हणून तो आमचा दादा. पण गुजरातीत दादा म्हणजे आजोबा! समोरच्या बेनना या पोराला आम्ही आजोबा का म्हणतो याचे फार दिवस नवल वाटे. पुढे त्यांनीही ते नाव उचलले, आणि मग सबंध रस्त्यानेच उचलले. वीस वर्षांच्या दादाला साठीचे दुकानदार 'आवो दादा' म्हणत. त्याला त्या हाकेतला गुजराती मान अचूक कळे. तो थांबून, मान किंचित कलती करून, तो स्वीकारीत असे.

शाळेची गोष्ट आम्ही थोडक्यात उरकतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा साऱ्या संस्थानास लावला. बडोदेकरांस त्याचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु १९७१ साली वडील दादाचे बोट धरून एका शाळेत गेले, तेव्हा तेथील गुरुजींनी त्याला दारातूनच परत लावले. दुसऱ्या शाळेनेही तेच केले. वडिलांनी तिसरी पाहिली नाही. ते कारकून होते. साहेबाच्या नकारावर अपील करण्याची सवय त्यांच्या हाडात नव्हती. दादाची पाटी आईच्या स्वयंपाकघरात आली आणि तेथेच राहिली. 'ग' हे एक अक्षर त्याला पक्के येई, गणपतीचा म्हणून. आज आमच्या शाळेच्या पटावर अशी दोन मुले आहेत. त्यांना प्रवेश देणे हा कायदा आहे, उपकार नव्हे, हे आम्ही दर जूनमध्ये नव्या शिक्षकांस सांगतो. काहींना ते रुचत नाही.

तर रस्ता. रावपुऱ्याचा टॉवर १८९६ साली पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ उभारला गेला. दादाला घड्याळ वाचता येत नव्हते. मात्र घड्याळाचे वेड विलक्षण. टॉवरखाली तो थांबे, वर पाही आणि शेजारच्या कुणालाही विचारी, 'किती?' उत्तर काहीही आले तरी 'बरं' म्हणून पुढे निघे. कोठीवर एका सेव-उसळवाल्याच्या गाडीशी दुसरा मुक्काम. तेथे त्याला वाटीभर शेव फुकट मिळे, आणि महिन्याच्या महिन्याला वडील गुपचूप पैसे चुकते करीत. दादाच्या लेखी ती शेव त्याच्या नोकरीचा पगार होता. कारण तो गाडीवाल्याची बाकडी फडक्याने पुसून देई. खरे म्हणजे तो पगारच होता. वडील वारल्यावर आम्ही पैसे द्यायला गेलो, तर गाडीवाल्याने घेतले नाहीत.

कीर्तिमंदिराशी दादा थांबत नसे. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रे आहेत, ती पाहायला लांबून माणसे येतात. पण त्याला ती वास्तू फार गप्प वाटत असावी. त्याची सारी ओढ पुलाकडे. विश्वामित्रीत मगरी आहेत. भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरी, हे बडोद्याबाहेरच्या पाहुण्यांना खरे वाटत नाही. हिवाळ्यात त्या काठाच्या चिखलावर ऊन खात पडतात. दादा कठड्याला छाती टेकून मोजू लागे. त्याची मोजणी तीनपर्यंत जाई आणि तीननंतर 'पुष्कळ' येई. आम्हीही त्याच्याबरोबर असलो म्हणजे तशीच मोजू लागलो, आणि खरोखर तीननंतरच्या मगरी पुष्कळच दिसतात.

काळ्या घोड्यावर सयाजीराव महाराज बसलेले आहेत. दादा नमस्कार घोड्याला करी. महाराजांनी राग मानला नसता.

कमाटीबाग महाराजांनी १८७९ साली लोकांसाठी केली. आतले संग्रहालय १८९४ चे. तेथे इजिप्तमधली एक ममी आहे, आणि निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा. ममीच्या दालनात दादा एकदाच गेला आणि आईचा पदर धरून परतला. देवमासा मात्र त्याचा स्नेही. रविवारी आमच्याबरोबर गेला की सांगाड्याच्या शेपटीकडून डोक्याकडे तो हळूहळू चालत जाई आणि टोकाशी पोचल्यावर म्हणे, 'दमला.' मासा दमला की स्वतः, याचा उलगडा आम्हांस कधी झाला नाही.

पण बागेतले त्याचे खरे स्थान फुलांच्या घड्याळाशी. वीस फूट व्यासाची तबकडी, तिच्यात जिवंत रोपे, यंत्र जमिनीखाली. मोठा काटा सरकलेला दिसला की दादा टाळी वाजवी. तेथे काम करणारे एक माळी होते, मूळचे डाकोरकडचे. दादाच्या 'किती?' या प्रश्नाला त्यांनी कधी थट्टेने उत्तर दिले नाही. कात्री खाली ठेवून, तबकडीकडे नीट पाहून, ते सांगत, 'दस वाग्या, दादा.' दहा वाजले म्हणजे परत फिरायचे, एवढे दादाला ठाऊक होते. घरात त्याच्या जेवणाची वेळ या माळीबुवांनी सांभाळली, असे आई म्हणत असे.

आई २००३ साली गेली. वडील त्याआधीच गेले होते. 'आता याला कोठेतरी ठेवा, तुमचाही संसार आहे,' असे सुचवणारे नातलग दुष्ट नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना चहा दिला, आणि दादाच्या धोतरजोडीचे माप लिहून घेतले. तो पायजम्याला कंटाळला होता.

दहा-बारा वर्षांचे भाकीत ओलांडून दादा सत्तेचाळिशीत आला, तेव्हा त्याच्या चालण्यात काही बदल दिसू लागला. तो टॉवरखाली थांबे, पण 'किती?' विचारायचे विसरे. वैद्यकशास्त्र आता सांगते की, त्या अधिकच्या एकविसाव्या गुणसूत्रामुळे अशा माणसांना अल्झायमरचा विकार लवकर, कधी चाळिशी-पन्नाशीतच, गाठतो. २०१२ च्या डिसेंबरात तो पुलावर तासभर उभा राहिला. कोणत्या दिशेस घर, हे त्याला आठवेना. सेव-उसळवाल्याच्या मुलाने त्याला ओळखले आणि गाडी तशीच टाकून घरी आणून पोचवले. त्या दिवसापासून दादाचे एकट्याने जाणे बंद झाले. आम्ही शाळा दुपारच्या पाळीत मागून घेतली आणि सकाळी त्याच्याबरोबर निघू लागलो. प्रथम कमाटीबागेपर्यंत, मग पुलापर्यंत, मग कोठीपर्यंत. रस्ता शेवटाकडून पुसला जात होता. बाकडे पुसायचे मात्र त्याचे हात विसरले नाहीत. फडके हाती दिले की ते आपोआप चालू लागत.

२०१५ च्या पावसाळ्यात न्यूमोनियाने तो गेला. पन्नास वर्षांचा होता.

दिवसकार्य आटोपल्यावर एके सकाळी आम्ही कमाटीबागेत गेलो. माळीबुवा निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण होता. त्याने आम्हांस न्याहाळले, कात्री खाली ठेवली आणि विचारले, 'दादा नथी आव्या?' आम्ही सांगितले. तो काही वेळ तबकडीच्या कडेची रोपे सारखी करीत राहिला. मग घड्याळाकडे पाहून म्हणाला, 'दस वाग्या.'