मालकाची चिठ्ठी

निरोध कसा वापरायचा हे वेश्यावस्तीतल्या बायकांना शिकवावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सांगलीच्या गोकुळनगरात जाऊन यावं. मी समुपदेशक म्हणून नवी होते तेव्हा एका अक्कांनी माझ्या हातातलं लाकडी मॉडेल काढून घेतलं आणि ओठांत धरलेला निरोध गिऱ्हाइकाला कळायच्या आत कसा चढवायचा, ते करून दाखवलं. "पिऊन आलेल्याशी हुज्जत कोण घालणार?" म्हणाल्या. बाकीच्या खिदळत होत्या.

याच वस्तीत 1992 मध्ये 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं आणि निरोध वाटायचं काम धंदा करणाऱ्या बायकांनीच अंगावर घेतलं. पुढे त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. त्याच सुमारास कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना हेच करत होते. तिथल्या बायकांनी 1995 मध्ये 'उषा' ही सहकारी पतसंस्था काढली. पतपेढीचा आणि गुप्तरोगाचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने सावकाराचा हप्ता दारात उभा असलेली बाई पाहिलेली नसते. बिननिरोधाचे दुप्पट पैसे देणाऱ्याला ती कशाच्या जोरावर परत पाठवणार? गल्लीतल्या सगळ्याच जणी नाही म्हणाल्या, तरच तो माणूस मुकाट्याने ऐकतो.

शिवाय पोलीस. पर्समध्ये निरोध सापडला की तोच पुरावा, ही भीती मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये असं बजावलं. आदेश गल्लीतल्या हवालदारापर्यंत पोचायला वेळ लागतो, ते सोडा.

पण दवाखान्यात बसून मला जे दिसलं ते निराळंच होतं. एक तिशीतली बाई दर थोड्या दिवसांनी तीच तक्रार घेऊन यायची: अंगावरून जातंय. डॉक्टर तपासायचे आणि करड्या रंगाचं पाकीट लिहून द्यायचे. गुप्तरोगांच्या सरकारी औषधांना रंग नेमून दिलेले आहेत. करड्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. गोळ्या माझ्यासमोरच गिळायच्या. बरं वाटायचं, आणि पुन्हा तेच.

"गिऱ्हाईक निरोधाशिवाय घेतेस का?"

"छ्या! कोण घेतंय?"

"मग मालक?"

ती गप्प. बाईचा कायमचा माणूस तो मालक. हा ट्रकवर होता, आठवड्याला यायचा, पोराला खाऊ आणायचा. जोडीदारानेही औषध घ्यावं म्हणून मी चिठ्ठी द्यायचे आणि ती पदराला बांधून न्यायची. पुढच्या वेळी विचारलं की, "दिली नाही. म्हणेल, तूच कुठून तरी आणलंस."

"निदान निरोध तरी लाव त्याला."

"ताई, त्याला लावला तर त्याच्यात नि गिऱ्हाइकात फरक काय राहिला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आमच्या प्रशिक्षणातही नव्हतं. दर तीन महिन्यांनी तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त, हे सगळं वेळच्या वेळी चालायचं. जोडीदारांच्या उपचाराचा रकाना मात्र बहुतेक वेळा रिकामा. खरं सांगायचं तर माझ्या सोसायटीतल्या बायकाही नवऱ्याला हे सांगू शकणार नाहीत. फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

वाट शेवटी अक्कांनीच काढली. त्यांनी मालकाला गाठलं आणि सांगितलं, "रात्रंदिवस गाडी चालवतोस, बीपी नि साखर बघून घे, फुकट आहे." तो आला. बीपी खरंच जास्त निघालं. मग डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि लघवीला जळजळ होते का, असं विचारलं. होत होती. ढाब्यावरचं पाणी बाधलं असेल असं त्याला वाटत होतं.

त्याने गोळ्या घेतल्या, रक्त दिलं. मी सांगितलं, दोघांचं औषध होऊन सात दिवस जाईपर्यंत लांब राहायचं, नाहीतर निरोध. त्याने मान डोलावली, मग बाकावर बसलेल्या तिच्याकडे बघत मला विचारलं, "मॅडम, आणि हिची गिऱ्हाइकं? त्यांना नाही बोलावत?"

तीच म्हणाली, "ते लावतात."