बुडत्याची काडी, जपान्यांची होडी

बुडत्याला काडीचा आधार, असे मराठी म्हणते. आमच्या उर्दूत तीच काडी ‘तिनका’ होऊन येते. दोन्हीकडे हातपाय मारायचे ते बुडणाऱ्यानेच. काठावरच्या माणसाला म्हणीत जागाच नाही. जपानी भाषेतही काडीची म्हण आहे, पण तिथे रोजच्या बोलण्यात आणखी एक शब्द कामाला येतो : तासुकेबुने. ‘तासुके’ म्हणजे मदत, ‘फुने’ म्हणजे नाव. जोडताना फ चा ब होतो, आपल्या संधीसारखेच काहीसे.

मूळ अर्थ सरळ आहे. समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवायला निघालेली होडी. कोतोहिरा येथे खलाशांचे मोठे देवस्थान आहे. १८८९ साली तिथल्या मुख्य पुजाऱ्यांच्या पुढाकाराने अशा बचावकार्यासाठी संस्था उभी राहिली. आजही तिचे स्वयंसेवक बरेचसे मच्छीमार आहेत. खबर आली की हातचे काम टाकून निघतात. जहाजावरच्या जीवरक्षक होडीला मात्र ‘क्यूमेइतेइ’ हा सरकारी थाटाचा शब्द आहे. तो कागदावरच शोभतो.

माणसांच्या बोलण्यात उतरली ती तासुकेबुने. भरल्या बैठकीत कुणाला उत्तर सुचेना, शेजारच्याने एखादे वाक्य टाकून त्याला सोडवले, की त्याने ‘तासुकेबुने काढली’ असे म्हणतात. काढली, म्हणजे दुसऱ्याने आपणहून पाण्यात लोटली.

‘वातारी नि फुने’ ही निराळी. पलीकडे जायचे असताना आयती मिळालेली नाव. हा दृष्टांत बौद्धांच्या सद्धर्मपुंडरीक सूत्रातला. तिच्यात नशीब आहे, माणूस दिसत नाही. आणि ‘दोरोबुने’ म्हणजे चिखलाची नाव. लोककथेत ससा तानुकी नावाच्या लबाड प्राण्याला तीत बसवून बुडवतो. मदतीच्या नावाखाली अशाही होड्या मिळतात, हे जपान्यांना ठाऊक आहे!

आम्हा उर्दू शाळेच्या मास्तरांना तासुकेबुने मराठीच्या तासाला आठवते. मूल फळ्यापाशी उभे असते. उत्तर त्याला येते, मराठी शब्द येत नाही. मागे खुसखुस सुरू होते. मग एखाद्या बाकावरून कुणी हळूच पहिले अक्षर सुचवते. शिस्तीप्रमाणे हे ‘सांगणे’ झाले, ते बंदच करायचे. आमच्या मते पहिल्या अक्षरापुरती मोकळीक असावी. पुढचा शब्द ते मूल स्वतःच वल्हवत नेते.