छपरावरचे छप्पर

माझ्या थोरल्या भावाने निवृत्तीनंतर अमेरिकेत चाकांवरचे घर घेतले. आरव्ही म्हणतात त्याला. आपल्याकडच्या एसटीएवढी लांब गाडी. आत ओटा, पलंग, न्हाणी, सारे काही. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण कोल्हापूरच्या रस्त्यावर अशी गाडी दिसली तर अजून माणसे थांबून पाहतात. तर दादाच्या या घराला एक गंमत आहे. गाडी मुक्कामाला लागली की बटण दाबायचे, म्हणजे बैठकीची एक अख्खी बाजू भिंतीसकट दोन-तीन फूट बाहेर सरकते. टेबलाच्या खणासारखी. निघताना पुन्हा आत. या सरकत्या खणाला स्वतःचे छोटे, जवळजवळ सपाट छप्पर असते, आणि खण व गाडीचे अंग यांच्या सांध्यावर रबराची पट्टी. दादा मुक्काम करतो तो पाइनच्या रानात. सुयांसारखी पाने खणाच्या छपरावर पडतात, पावसात कुजतात, आणि खण आत घेताना त्या रबराखाली चिरडत जातात. यावर उपाय म्हणून एक कापड मिळते. गाडीच्या अंगाला गुंडाळी बसवायची. खण बाहेर निघाला की कापड त्याच्याबरोबर उलगडत जाते आणि त्या छपरावर तिरके ताणून बसते, आत घेतला की स्प्रिंगच्या जोराने गुंडाळले जाते. छपरावरचे छप्पर. ते बसवावे की बसवू नये, हा दादाचा प्रश्न होता, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या स्लॅबवर पत्र्याची शेड घालावी की घालू नये, हा माझा. दोन्ही प्रश्न एकाच हिवाळ्यात उभे राहिले.

त्या कापडाला मराठीत काय म्हणशील, असे दादाने विचारले होते. मराठीच्या प्राध्यापकाला निवृत्तीनंतरही हे प्रश्न चुकत नाहीत. 'सायवान' म्हणावे, असे मी सुचवले. फारसीतला हा 'सायाबान': साया म्हणजे सावली, आणि बान म्हणजे राखणारा, जसा दार राखणारा दरबान. सावली राखणारा! ज्या भाषेत ऊन हाच शत्रू आणि सावली हीच संपत्ती, तिथे हा शब्द घडला. आपल्याकडे येऊन त्याला पावसाळ्याचीही चाकरी करावी लागली. 'ताडपत्री'ची कथा याहून मजेची. शब्द पाहिला तर ताडाच्या पानांतून उतरल्यासारखा वाटतो; पण कान देऊन ऐकावे तर आत इंग्रजी 'टारपॉलिन' बोलत असतो, म्हणजे डांबर फासलेले कापड. परक्या शब्दावर आपण आपल्या ओळखीचे पान पांघरले. असो. दादाला 'सायवान' आवडला नाही. 'तिथली ताडपत्री' एवढ्यावर त्याने काम भागवले.

आता आमच्या स्लॅबविषयी. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. या एकाच जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावडा आहे, जिथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला शिरोळ, जिथे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. शहर मध्ये. त्यामुळे शहराला जुलैत गगनबावड्याचा स्वभाव थोडा लागतो. पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून वाऱ्यावर आडवा येतो, आणि चार-चार दिवस थांबत नाही. आमचे जुने घर या पावसासाठीच बांधलेले होते. मंगलोरी कौले, म्हणजे १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात ज्यांचा कारखाना काढला, त्या घराण्यातली. खाली सागाचे वासे, पुढे सोपा, आणि भिंतीपासून चांगली हातभर पुढे आलेली वळचण. ती वळचण म्हणजे खरी बुद्धी होती, हे आता कळते. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. आणि दरवर्षी वैशाखात शाकारणी. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, मांजरांनी सरकवलेली नीट बसवायची. वर चढणारा माणूस ठरलेला होता. तो आला की आई चहाबरोबर त्याला कांदापोहेही देई. छप्पर ही दरवर्षी भेटायची गोष्ट होती.

१९८६ साली वडिलांनी कौले काढून स्लॅब घातला. त्या काळात सारी पेठ तेच करत होती. स्लॅबचे वचनच असे होते की आता वर कुणी चढायला नको. ते वचन वीसेक वर्षे टिकले. मग छतावर ओलीचे नकाशे उमटू लागले, पोपडे धरू लागले, आणि आज गच्चीवर उभे राहून पाहिले तर आमच्या पेठेतल्या निम्म्याअधिक स्लॅबांवर निळे, हिरवे, विटकरी पत्रे चढलेले दिसतात. लोखंडी पाइपांच्या कैच्या, त्यावर पत्रे, जे-हुकांनी आवळलेले. काँक्रीटने कौलांना घालवले, आणि चाळीस वर्षांत काँक्रीटलाच पांघरूण लागले. मला या दृश्याचे हसूही येते आणि थोडा रागही. रागाचे कारण सौंदर्याचे नाही. पत्रा चढला की त्या घराची गच्ची संपते: पापड, सांडगे, वाळवणे, पतंग, उन्हाळ्यातली अंथरुणे, सारे जाते, आणि तिथे जुने टायर, मोडका पाळणा, पाण्याच्या रिकाम्या टाक्या राहू लागतात.

पण ओल खरी होती आणि ती आईच्या खोलीत होती. आईला चौऱ्याऐंशी वर्षे पुरी झाली आहेत. पावसाळ्यात तिच्या पलंगामागची पश्चिमेची भिंत घाम आल्यासारखी होते, आणि श्रावणापर्यंत तिची छाती घरघरू लागते. मागच्या वर्षी दोनदा वाफाऱ्याचे यंत्र भाड्याने आणले. तिची खोली बदलावी, तर ती ऐकत नाही. त्या खिडकीतून तिला गल्ली दिसते. दादाने हे ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी सांगितले, "शेड घाल. सगळा खर्च माझा. चांगल्या जाडीचे पत्रे घे." चाळीस वर्षे सातासमुद्रापलीकडे राहिलेल्या मुलाला आईच्या डोक्यावर काहीतरी धरावेसे वाटते, हे मला समजत होते. त्यामुळे 'नको' म्हणणे हा केवळ बांधकामाचा निर्णय राहिला नव्हता.

याच काळात तो स्वतःच्या कापडाबद्दल मात्र कमालीचा साशंक होता. माहितगारांनी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. कापड पाने अडवते, बर्फ अडवते, ऊन अडवते. पण वारा सुटला की रात्रभर फडफडते. जोराचा पाऊस झाला की मधोमध झोळी धरून पाणी साठते, मग खण थोडा आत घेऊन ते ओतून टाकावे लागते. उन्हाने काही वर्षांत जीर्ण होते, ते बदलण्याचा खर्च वेगळा. म्हणजे छपराची झीज कापडाकडे गेली एवढेच. "त्या फडफडीत तुझ्या वहिनीला झोप लागायची नाही," असे तो म्हणाला. मी म्हटले, "दादा, आणि पत्र्याखाली आईला लागेल होय?" त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

चालत्या घराचे छप्पर आमच्या घराण्याला नवे नाही. आजी मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायची ती बैलगाडीतून, बेळगावच्याही पलीकडे. कळकाच्या कांब्यांची कमान, त्यावर तट्ट्या, आणि थंडीचे दिवस म्हणून वर घोंगडे. कित्येक रात्री मुक्काम गाडीतच. घोंगडे गाडीवर असले म्हणजे अंगावर नसते, आणि अंगावर घेतले म्हणजे गाडी उघडी पडते. हा हिशेब दर रात्री नव्याने होई, असे ती हसत सांगायची. आणि आजही दसरा-दिवाळी उलटली की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यात उतरतात. कारखान्यालगतच्या माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात: बांबूच्या कांब्या, चटया, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. पाच-सहा महिन्यांचा संसार त्या कागदाखाली. अवकाळी पाऊस आला की पाणी वरून येत नाही, जमिनीवरून आत शिरते आणि चुलीपर्यंत जाते. गेल्या डिसेंबरात एका विद्यार्थ्याच्या गावी गेलो होतो, तेव्हा अशाच एका माळावर एक बाई कोपीभोवती खुरप्याने चर काढताना दिसली. वरच्या कागदाला तिने हातही लावला नव्हता. पाणी कुठून येणार हे तिला ठाऊक होते.

शेडच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष आमच्या मावसभावाची होती. तो प्रयाग चिखलीचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि चिखली-आंबेवाडी पाण्यात उभी राहिली. त्याच्या घरातली सात माणसे आणि एक कालवड अशा सगळ्यांनी बोट येईपर्यंत गच्चीवर रात्र काढली. "पत्रा होता म्हणून वाचलो, न्हाईतर पोरं गारठून गेली असती," असे तो आजही सांगतो. यावर काय बोलणार? पण पंचगंगेचे पाणी मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्याला कधी लागलेले नाही, आणि चिखलीच्या उत्तराने आमचा प्रश्न सुटत नव्हता.

फेब्रुवारीत मी एका म्हाताऱ्या गवंड्याला वर नेले. त्याने आधी गच्ची पाहिलीच नाही. तो आईच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून बसला. मग वर आला. शेजारच्या पिंपळाची पाने साचून पाण्याच्या तोंडाची जाळी बुजली होती, ती त्याने पायानेच मोकळी केली. कठड्याच्या कडेने चालत गेला आणि स्लॅब व कठडा जिथे मिळतात तिथला वाटा त्याने खिळ्याने खरवडून दाखवला. सिमेंटची ती गोलाई भिंतीपासून सुटली होती. फटीत खिळा अर्धा आत गेला. पश्चिमेच्या भिंतीच्या गिलाव्यालाही तडे होते. "सर, पत्रा घालशीला, तर वरचं पानी थांबंल," तो म्हणाला. "पर तुमचं पानी वरनं येतंयच कुठं? ते सांध्यातनं येतंय, आन् भितीच्या अंगानं येतंय." आडव्या पावसाला अडवायचे तर पत्रा भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट काढावा लागेल, म्हणजे गल्लीवर, आणि तसे केले तर पहिल्या वादळात वारा त्याच्या खाली शिरेल. जुन्या वळचणीचे काम पत्रा करू शकतो, पण त्यासाठी त्याला वळचणीइतके पुढे यावे लागते, आणि आमच्या गल्लीत आता तेवढी जागा उरलेली नाही.

हे मी त्या रात्री दादाला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या गाडीभोवती बॅटरी घेऊन फिरला. त्याच्या खणाच्या एका कोपऱ्यात आत ओल दिसत होती, आणि तिच्यामुळेच तो कापडाच्या मागे लागला होता. ती ओल वरच्या पट्टीतून नव्हती; बाजूच्या उभ्या पट्टीचे रबर कडक होऊन वळले होते. वरचे कापड त्याला काही करू शकले नसते. त्याने ती पट्टी बदलून घेतली. कापडही बसवले, पण ते पाइनच्या सुयांसाठी. रानातला मुक्काम सोडणे त्याला शक्य नाही, आणि सुया चिरडल्या की नवे रबरही फाटणार. वारा वाढला तर खण आत घेऊन झोपायचे, असे दोघांनी ठरवले आहे.

इकडे एप्रिलमध्ये गच्चीवरचा जुना कोबा फोडून नवा घातला. विटांचे तुकडे उतार धरून रचले, वाटे नव्याने काढले, पश्चिमेच्या भिंतीला नवा गिलावा केला. उतार बरोबर झाला की नाही हे पाहायला गवंड्याने बादलीभर पाणी ओतले आणि ते सगळे जाळीपर्यंत जाईस्तोवर उकिडवा बसून राहिला. जाळी दर पंधरवड्याला झाडायची, हे काम माझ्याकडे आले. खर्च शेडच्या अंदाजापेक्षा फारसा कमी झाला नाही, हेही सांगून टाकतो.

राहिली आई. मला वाटत होते, शेड टळली म्हणून तिला बरे वाटेल. तिच्या गुडघ्यांनी गच्ची केव्हाच सोडली आहे. उघड्या आकाशाची चिंता खरे तर माझीच होती. ती म्हणाली, "अरे, पत्रा घातला असतास तर बरं झालं असतं. कौलं गेल्यापासून पाऊस आलेला कळतच नाही. भिंत ओली झाली की कळायचं, आता तेही नाही." मी दादाला हे जसेच्या तसे सांगितले. मग तिच्या खिडकीवर चार फूट रुंद आणि अडीच फूट पुढे आलेला पत्र्याचा छज्जा बसवून घेतला. त्याचे पैसे दादाने पाठवले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी वळीव आला. पहिले टपोरे थेंब पत्र्यावर ताडताड वाजले तेव्हा आई झोपेतून उठून बसली आणि खिडकी लावायच्या ऐवजी तिने ती उघडली. दादाने त्या संध्याकाळी पत्रा किती गेजचा आहे, हे मला तीन वेळा विचारले.