चिनी सोबत

वेऱ्याला आमच्या वाड्यावरचे बरेचजण बोटीवर. २०१२ साली धाकटा भाऊ एडनच्या आखातातून जायचा होता, तेव्हा आईनं सोमालियाचं नावसुद्धा घरात काढू दिलं नाही. पार झाल्यावर त्याचा फोन, "आई गो, चिनी युद्धनौकेच्या सोबतीनं आलो!" आई गप्पच. चीन म्हटलं की तिला १९६२ आठवतं.

आपलं नौदल २००८ पासून तिथं गस्तीला आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण भारत, चीन, जपान आपापल्या ताफ्यांची वेळापत्रकं जुळवून घेतात, एकाचा ताफा चुकला तर दुसऱ्याचा मिळावा म्हणून, हे भावानं सांगितलं. बेतीच्या फेरीबोटीसारखंच म्हणा! हिमालयातली भांडणं मात्र आहेत तिथंच.

आईनं देवीला नारळ ठेवला, तिन्ही नौदलांच्या नावानं.