तीन व्हीसीडींचं लग्न

आत्याचं लग्न २००४ साली वरणगावात झालं आणि ते तीन व्हीसीडींवर मावलं. पहिलीत हळद, दुसरीत मिरवणूक नि लग्न, तिसरीत वरण-बट्टीची पंगत आणि पाठवणी. तिसरीत, पंगतीच्या मध्यावर आजोबा तुपाचं भांडं घेऊन येतात. लाइटमुळे डोळे बारीक, गालावर देवीचे व्रण, पाहुण्याला आग्रह चाललाय. जेमतेम अकरा सेकंद. आयुष्यभर ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केलेल्या या माणसाचा दुसरा हलता फोटो आमच्याकडे नाही.

आजीला हे टीव्हीवर, एका बटणात हवं होतं. फोनवर तिला दिसत नाही, आणि डिस्क बदलणं तिला जमत नाही. शिवाय त्या डिस्कची चंदेरी पापुद्री कडेने निघायला लागली होती. म्हणून तिन्हींची एक डीव्हीडी करून आणायला काकांनी त्या एका दुकानात दिल्या.

आली ती डीव्हीडी बघून आजी म्हणाली, "हे कोन व्हय?"

माणसं आडवी ताणलेली, कारण चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ओढून बसवलं होतं. आजोबांचा गाल मात्र गुळगुळीत. व्रण गेले होते.

दुकानदाराने मन लावून काम केलं नाही असंही नाही. त्याने आधी एमपी४ केलं, मग त्याचं डीव्हीडीचं एमपेग-२. म्हणजे चित्र दोनदा नव्याने बांधलं. असं प्रत्येक बांधणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून, डोळ्याला फारसं जाणवणार नाही असं सॉफ्टवेअरला वाटतं ते फेकून दिलं जातं. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८, जेमतेम एक लाख ठिपके. त्यात देवीचा व्रण म्हणजे दोन-तीन ठिपक्यांचा फरक. तो पहिल्यांदा जातो. मग चित्र ७२० बाय ५७६ केलं तरी ठिपके चौपट होतात, व्रण परत येत नाही.

आणि गंमत अशी, की यातलं काहीच करायची गरज नव्हती. व्हीसीडी १९९३ची, डीव्हीडी १९९६ची. पण डीव्हीडीच्या नियमांत व्हीसीडीचं ३५२ बाय २८८चं एमपेग-१ चित्रसुद्धा बसतं. अडतं ते फक्त आवाजाशी. व्हीसीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, डीव्हीडीला ४८,००० लागतो. तेवढा आवाज बदलायचा. चित्राला हात लावायचा नाही.

मी तेच केलं. डिस्कमधल्या 'एमपेगएव्ही' फोल्डरमधली मोठी डॅट फाइल लॅपटॉपवर उतरवली. तिसरी डिस्क एका ड्राइव्हने वाचलीच नाही. मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरवर चौथ्या खेपेला वाचली. मग एफएफएमपेग नावाच्या फुकट प्रोग्रॅमला सांगितलं: व्हिडिओ 'कॉपी', आवाज नवा. तीन तासांच्या लग्नाचं काम काही मिनिटांत उरकलं, कारण कॉपी करायला मेहनत पडत नाही. नंतर डीव्हीडीऑथरने त्याची डीव्हीडीची फोल्डरं बनवली आणि डिस्क सावकाश वेगात जाळली. तिन्ही मिळून दोन जीबीच्याही आत. ४.७ जीबीच्या डिस्कवर अर्ध्याहून जास्त जागा रिकामीच. दुकानदाराला ती रिकामी दिसली असेल, म्हणून त्याने चित्र फुगवलं असेल. तपासून घ्या: तुमच्याकडे कुणी व्हिडिओ बदलायला दिला आणि 'क्वालिटी वाढवून देतो' म्हणालं, तर तिथेच थांबा.

फोनवर हल्ली जुने चेहरे 'स्पष्ट' करणारी ॲप्स आहेत. चुलतभावाने त्या अकरा सेकंदांतली एक फ्रेम अशाच ॲपमधून काढून ग्रुपवर टाकली. डोळे टपोरे, दात पांढरे, गाल एखाद्या जाहिरातीतल्यासारखा. सगळ्यांनी बदाम टाकले. आजीला दाखवली नाही.

मूळ डॅट फाइली आता दोन हार्डडिस्कवर आहेत, कारण डीव्हीडीसुद्धा एक दिवस सोलणारच. आत्याने सुरतेहून पेनड्राइव्ह मागवला. तिला त्याच फाइली पाठवल्या, आवाजही मूळचाच ठेवून. "मधे मधे चौकोन दिसतात," ती म्हणाली. ते २००४चेच आहेत, म्हटलं.